सोशिक, तीही जन्माची

आमच्या सासरी प्रत्येकाचा स्वभाव आधीच ठरवून ठेवलेला. सासरे, म्हणजे आमचे नाना, तापट. नणंद लाडकी. आणि मी सोशिक, तीही म्हणे जन्माची! पहिल्याच आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी खापरावर मांडे केले आणि नानांनी निकाल दिला, "तिना हातलेच गुण शे." धरणगावला मायच्या शेजारी बसून सैल कणीक हातावर फिरवायला शिकताना किती चटके बसले, ते कोणी विचारलं नाही. उपजत गुणाचं हे बरं असतं, आभार मानावे लागत नाहीत.

आखाजीला खानदेशातली लेक माहेरी जाते, झोके घेते, गाणी म्हणते. आमची नणंद जळगावला यायची आणि मांडे खायची. करायचे मी. पितरांची घागर भरायची, त्यात नानांना दुसऱ्या कोणाच्या हातचा मांडा घशाखाली उतरायचा नाही. माय दरवर्षी फोनवर विचारायची, "येशी ना व बाई?"

एका वर्षी तिने अंथरूण धरलं. मी ह्यांना म्हटलं, यंदा तरी जाऊ द्या. हे म्हणाले, "नानांचा स्वभाव तुला माहीत आहे." होता ना माहीत! कापसाच्या व्यापाऱ्याकडे हेच नाना तासन्‌तास ताटकळत "हो शेठ, हो शेठ" करायचे. तिथे कुठे जायचा तापटपणा? कुठे चिडायचं आणि कुठे नाही, हे माणसाला बरोबर कळतं.

मी खापरापुढे बसले. ओठांवर आलेला शब्द समजून-उमजून गिळला. त्या आखाजीनंतर थोड्याच दिवसांत माय गेली. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, "सोशिकच शे बाई, स्वभाव तिचा." स्वभाव कसला डोंबलाचा! दरवर्षी नव्याने गिळावं लागत होतं मला.

पुढे नानाही गेले. गेल्या वर्षी सून आली. पहिल्याच आखाजीला तिने सरळ सांगितलं, "मी फैजपूरला जाणार." मुलगा हसला, "हट्टीच आहे ती, स्वभावच तसा." संपलं. बॅग भरली, गेली. माझे गुडघे धरले होते, म्हणून मुलाने मांडे विकत आणले. आता ताट सरकवतील म्हणून मी ह्यांच्या तोंडाकडे बघत बसले.

हे पोटभर जेवले. ढेकर देऊन म्हणाले, "विकतचे काय वाईट आहेत? उगाच राबत बसलीस इतकी वर्षं."