वायरीचा गळा

प्लगमधून वायर बाहेर पडते, तिथला रबरी गळा घडवणं हे गोपिकाचं काम. वायर कितीही वाकली, ओढली गेली, तरी आतली तांब्याची तार तुटू नये, यासाठी तो गळा.

हिंगण्याच्या कारखान्यात तिचं टेबल चाचणीच्या यंत्राशेजारी होतं. यंत्राच्या दांड्यात अडकवलेला प्लग डावीकडे झुकायचा, उजवीकडे झुकायचा. खाली वजन बांधलेली वायर झुलायची. तिच्यातून वीज वाहते आहे तोवर वर एक पिवळा दिवा जळायचा. दुपारच्या सुस्त उजेडात ते झुलणं पाहता पाहता गोपिका पेंच नदीच्या पाण्यावर तरंगत कुठल्या कुठे निघून जायची.

"दिवा गेला वं," चाचणी पाहणारे गिरिधरभाऊ म्हणाले. "पुन्हा गळ्याखालीच तुटली."

दवाखान्यातल्या यंत्रांसाठीच्या वायरी होत्या. तिनं गळा जाड केला, मग कडक केला. दिवा उलट लवकर विझला.

रविवारी ती पारशिवनीला आईकडे, इंदूबाईंकडे गेली. त्यांचा मिक्सर चटणी वाटता वाटता बंद पडला. प्लगजवळ त्यांनी वायरीला चिंधी गुंडाळून सुतळीनं आवळली होती.

"एवढं करकचून बांधलं, तरी काहून तुटली?"

गोपिकानं प्लग काढून वायर चाचपली. चिंधी संपत होती नेमकी तिथेच वायर लुळी पडली होती.

"करकचून बांधलं म्हणूनच तुटली, आई."

"मग मोकळीच सोडू का?"

"नाही. हळूहळू सोडा लागते."

स्वतःचंच बोलणं ऐकून ती थबकली. मग अंगणातल्या बाजेवर डोळे मिटून पडली. अर्धवट झोपेत सगळंच वाकत होतं: दोडक्याचा वेल, वाळत टाकलेलं लुगडं, आईचं मनगट. कुठेच काही मोडत नव्हतं.

नवा गळा प्लगपाशी जाड होता, पुढे निमुळता. मध्ये खाचा, टोकाशी अगदी मऊ. वायर पुन्हा झुलू लागली. गिरिधरभाऊंनी आणून ठेवलेला चहा निवला. यंत्र थांबलं, तेही तिला कळलं नाही.

"बाई, झाली चाचणी. दिवा सुरूच आहे."

गोपिकानं निवलेला चहा उचलला.

पुढे आईचे डोळे दाखवायला ती धंतोलीतल्या दवाखान्यात गेली होती. नर्सनं घाईत एक यंत्र पुढे ओढलं. प्लगपाशी खाचांच्या निमुळत्या गळ्यात वायर ताणली गेली, अलगद कमानीसारखी वळली. पडद्यावरची ठोक्यांची हिरवी रेघ तशीच चालत राहिली.

"चाल ना वं, नंबर आला," इंदूबाईंनी तिला हाताला धरून उठवलं.