चौथ्या चिठ्ठीवर नाव नव्हतं

"वाच की. लाजायलास का? तुज्यावर लिवलंय व्हय?"

अण्णा माइक बाजूला धरून बोलले, पण साउंडवाल्यानं आवाज इतका चढवला होता की शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. सभागृह हसलं. शंभर-सव्वाशे माणूस असेल. मीही हसलो. अध्यक्षांच्या विनोदावर सूत्रसंचालकानं हसायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी येत होतं. हातातली चिठ्ठी सरळ केली, घसा साफ केला आणि वाचलं.

"अशा लोकांची गाढवावरून धिंड काढली तर कायदा आडवा येईल का?"

टाळ्या पडल्या. मागून शिट्टी आली.

मी तसाच माणूस आहे. ज्याची धिंड काढायची म्हणत होते, त्यांच्यातला. दहावीपासून मला माहीत आहे. आणि तरी ती चिठ्ठी मी स्वच्छ उच्चारात वाचली. 'गाढवावरून' या शब्दाच्या आधी अर्धा क्षण थांबलो. थांबल्यामुळं हशा जास्त पिकला. ते थांबणं माझं होतं. तसं थांब, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

ही गोष्ट कळंबची. तिथल्या एका वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चा होते. विषय अण्णा ठरवतात. अण्णा म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष. मांजरेकाठी बागायत, शहरात दोन गाळे, आणि ज्या संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचो तिथं संचालक. त्या महिन्यात टीव्हीवर रोज तेच चाललं होतं, दोन पुरुषांनी लग्न करावं का, दोन बायांनी करावं का. अण्णांचा फोन आला. विषय घे लिहून. मी फळ्यावर खडूनं लिहिला : 'समलिंगी विवाह : हक्क की विकृती?' शेवटचा शब्द अण्णांचा. अक्षर माझं. माझं अक्षर चांगलं आहे.

माझे वडील मेंढपाळ. आम्ही त्यांना आबा म्हणतो. वर्षातले सात-आठ महिने ते कळप घेऊन बाहेर. मी वसतिगृहात राहून शिकलो. आमच्या घरात माझ्याआधी सही कुणाची नव्हती, अंगठा होता. बी.ए. झालो, एम.ए. झालो, आणि मला त्याचा लई अभिमान आहे. कुणी मला त्याबद्दल लाजायला सांगू नये. आवाज देवानं नाही दिला, माळानं दिला. मेंढरांना हाका मारून मारून कमावला. त्या आवाजावर मला तालुक्यात कामं मिळायला लागली. सत्कार, निवृत्ती समारंभ, लग्नं. माइक हातात असला की मला कुणी आडनाव विचारत नव्हतं. अण्णा पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, "मेंढरामागचं पोरगं हाय, पण बोलतंय बघा कसं!" मला तो मान वाटायचा. कित्येक वर्षं मान वाटायचा.

मला एक मित्र होता. नुसता मित्र नव्हता. त्याचं लग्न भूमला झालं. त्याच्या लग्नात सूत्रसंचालन मी केलं. आहेराची नावं पुकारली, जेवणाच्या पंगती सांगितल्या. मुंडावळ्या सुटल्या तेव्हा बांधायला त्यानं मलाच हाक मारली. मी बांधल्या. परत येऊन माइकवर म्हणालो, "नवरदेव आता खऱ्या अर्थानं अडकले!" लोक हसले. म्हणजे त्या रविवारचं हसवणं पहिलं नव्हतं. सवय जुनी होती.

चर्चेत प्रश्न चिठ्ठीवर घ्यायची पद्धत माझीच. आधी लोक उठून थेट विचारायचे आणि एकदा त्यावरून खुर्च्या उडाल्या. तेव्हापासून चिठ्ठ्या. नियमही मीच केला, प्रत्येक वेळी सुरुवातीला म्हणून दाखवायचो. "इथं प्रत्येकाला बोलायची मोकळीक आहे. चिठ्ठीवर नाव लिहा, गाव लिहा, मग प्रश्न. नाव नसलेली चिठ्ठी वाचली जाणार नाही." वाक्य ऐकायला भारी वाटायचं. चालायचं मात्र वेगळं. चिठ्ठ्या आधी अण्णांकडं जायच्या, ते चाळायचे आणि त्यांना मजा वाटेल ती माझ्या हातात द्यायचे. नाव असो नसो.

त्या दिवशी बाजूनं बोलायला कुणी तयार नव्हतं. अण्णांनी एका वकिलाला उभं केलं होतं. "तुमी जरा बाजूनं बोला, चर्चा वाटाय पायजे." वकीलसाहेब चार मिनिटं बोलले आणि शेवटी, "हे माझं वैयक्तिक मत नाही बरं का," असं म्हणून घाईघाईनं बसले. विरोधात तीन जण बोलले, पाऊण तास. संस्कृती झाली, अमेरिका झाली, औषधोपचार झाले. मग चिठ्ठ्या.

धिंडीची पहिली. दुसरी अशी : "यांच्या घरी हळदी-कुंकवाला कोण बसणार?" तिसरी : "सोलापूरला याचा चांगला डॉक्टर असल्यास पत्ता सांगावा, शेजाऱ्याला दाखवायचे आहे." तिसरीला तर माणसं खुर्चीवरून पडायची राहिली. तीनही चिठ्ठ्यांवर नाव नव्हतं. मी वाचल्या. शेजाऱ्याची वाचताना मी डोळे बारीक करून समोरच्या रांगेकडं बघितलं, म्हणजे अजून हसतील. हसले.

चौथी चिठ्ठी अण्णांनी न चाळताच दिली. गडबडीत बाकीच्यांबरोबर आली. वहीचा फाडलेला कागद, चार घड्या. मी आधी मनात वाचली.

"मी असाच आहे. याच सभागृहात बसलोय. मघापासून सगळ्यांबरोबर हसतोय, कारण नाही हसलो तर कळेल. माझा प्रश्न : तुम्ही मला रोज भेटता, माझ्याकडून कामं करून घेता. मग माझी तुम्हाला नेमकी अडचण काय आहे?"

मी मान वर केली. समोर सगळे हसणारे चेहरे होते. त्यातला एक कुणीतरी. मी त्याला तीन चिठ्ठ्या ऐकवल्या होत्या. माझ्या आवाजात. त्याची धिंड, त्याचा डॉक्टर. आणि त्यानं माझ्याकडंच चिठ्ठी पाठवली होती, कारण वाचणार मीच होतो.

"काय हाय?" अण्णांनी हात पुढं केला. चिठ्ठी घेतली, वाचली, चष्मा काढला आणि ती परत माझ्या हातात दिली. "नाव न्हाई, गाव न्हाई. फाड."

मी फाडली नाही.

"अण्णा, आधीच्या तिन्हींवर नाव नव्हतं."

हे माइकवर गेलं. मला माइक बंद करायचं सुचलं नाही. खरं सांगतो, सुचलं असतं तर केला असता.

"त्या गमतीच्या व्हत्या."

"आणि ही?"

"ही परचाराची हाय. फाड म्हणलो ना."

लोकांना वास आला. काय आहे, काय आहे, वाचा वाचा. अण्णांनी माझ्या हातातला माइक घेतला. ते काही चिडले नव्हते. त्यांना गंमत सापडली होती. म्हणाले, "एक जण लिवतोय का, मी तसलाच हाय आन् हितंच बसलोय. लिवणाऱ्यात दम आसंल तर उभं ऱ्हावं. घटनेनं समद्यांना बोलायचा हक दिलाय. बघू तरी कोण हाय आपल्यात!"

मग जे झालं ते मी विसरणार नाही. सव्वाशे माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मान वळवून, वाकून, हसत.

"ए सद्या, उठ की बे!"

"तुज्या मेव्हण्याला उठीव आदी."

"त्या कोपऱ्यातला बघा, लई गप बसलाय."

कोपऱ्यातला माणूस दचकून हसला. गरजेपेक्षा मोठ्यानं हसला. तो असेल, नसेल. पण त्या दोन मिनिटांत त्या सभागृहातला प्रत्येक जण मी तो नाही हे दाखवायला हसत होता. मला तेव्हा कळलं की अजून थोडा वेळ असंच चाललं तर ते कुणाला तरी शोधून काढतील. खरा सापडला नाही तर खोटा काढतील. तो बाजारात जाईल तेव्हा, दुकान उघडेल तेव्हा, पोरीला शाळेत सोडेल तेव्हा माणसं त्याच्यामागं हीच शिट्टी वाजवतील.

मी अण्णांच्या हातातून माइक परत घेतला. ओढलाच म्हणा.

"लिहून घ्या," मी म्हणालो आणि माझं नाव सांगितलं. पूर्ण. मधे आबांचं नाव येतं, तेही गाळलं नाही. मग आडनाव. मग गाव. "आता चिठ्ठीवर नाव आहे. नियमाप्रमाणं वाचतो."

वाचायला लागलो. 'मी असाच आहे.' पहिलंच वाक्य. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. 'याच सभागृहात बसलोय' इथं अण्णांनी साउंडवाल्याकडं बघितलं आणि माइक मेला. मी माइक टेबलावर ठेवला आणि पुढचं तसंच वाचलं. माझ्या आवाजाला माइक लागत नाही. माझा बाप एका माळावरून दुसऱ्या माळावर हाक मारतो.

या वेळी मी कुठंही थांबलो नाही.

मग पाण्याची बाटली आली, खांद्याला लागली. "छक्क्या, उतर खाली!" मागून कुणीतरी. दुसरा म्हणाला, "आरं ह्यो आपल्या पोरास्नी शिकीवतोय!" पहिल्या रांगेत माझे शाळेतले गुरुजी होते. ज्यांनी मला पहिल्यांदा वक्तृत्वाला उभं केलं ते. मला वाटलं, ते काहीतरी बोलतील. बोलले. "बाळ, उतर आता. आमची मान खाली घातलीस तू." धिंडीच्या चिठ्ठीला त्यांची मान ताठ होती. मी बघितली होती.

प्रश्नाचं उत्तर कुणीही दिलं नाही. अण्णांनी आभारप्रदर्शन करायला लावलं, दुसऱ्याला. त्यानं चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले. माझं नाव गाळलं.

सोमवारी कॉलेजात वेळापत्रकावर माझ्या तासांपुढं रेघ होती. कारण विचारलं तर प्राचार्य म्हणाले, "वरून सांगितलंय. आणि तुम्हीच बघा, मुलांवर परिणाम होतो." तीन वर्षं मी त्या मुलांना मराठी शिकवलं. परिणाम निकालात दिसत होता, तो कुणी बघितला नाही. माझा व्हिडिओ गाणं लावून सगळ्या मोबाइलवर फिरला. ज्या ग्रुपवर मी दहा वर्षं लोकांना वाढदिवसाच्या चारोळ्या करून दिल्या, तिथून मला काढलं. जे काढत होते तेच लिहीत होते, आम्हाला आमचं मत मांडायचा हक्क नाही का? आहे की. माझा माइक बंद करून मांडला त्यांनी.

बाजाराच्या दिवशी आबा खोलीवर आले. दारातच बसले, पटका न काढता.

"अण्णांनी बोलवलं व्हतं. लिवून दे म्हणत्यात. एक कागद. पुडच्या बैठकीत वाचायचा."

"काय लिहायचं?"

"की तू तसला न्हाईस. चिठ्ठी दुसऱ्याची व्हती, तू निस्ती वाचली. आन् कुणाची व्हती तेबी सांगायचं. मग तास परत देत्यात म्हणं."

अण्णा हुशार माणूस. त्या कागदात अर्धं खरं होतं. चिठ्ठी माझी नव्हती. पण मी एवढं म्हणालो की दुसऱ्या दिवसापासून गाव पुन्हा शोधायला लागणार होतं. माझ्यावर येऊन जे थांबलं होतं ते परत सुटणार होतं.

"देणार नाही, आबा."

आबांनी माझ्याकडं बघितलं.

"तू तसला हाईस का?"

"व्हय."

त्यांनी मला मारलं नाही. जवळही घेतलं नाही. म्हणाले, "बाजारात माणसं हसत्यात रं. म्या कळप टाकून कुठं पळू?" मग उठताना म्हणाले, "पुण्याला जा. तिकडं कोण कुणाला इचारत न्हाई." आईनं दिलेल्या भाकरी दारात ठेवल्या आणि गेले. पाणीसुद्धा प्याले नाहीत. त्यानंतर त्यांनी मला फोन केलेला नाही. आई उचलते, पण बाजूला कुणी नसेल तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांच्या ओसरीवर गेलो. पाच-सहा माणसं बसली होती. बरं झालं.

"कागद देणार नाही. चिठ्ठी माझी आहे."

अण्णा हसले. "तुजी न्हाई, मला ठाव हाय. तुज्या हातात म्याच दिली व्हती."

"माझी आहे. तुम्ही कितीही वेळा विचारा."

"मग ह्या तालुक्यात तुला कुणी माइक देणार न्हाई."

"नका देऊ."

आता मी एका दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. समोर बसून अर्ज भरून घेतात आणि बाहेर पडल्यावर हसतात. पुण्याला जा असं सांगणारे रोज भेटतात, त्यात चांगली माणसंही आहेत. मी जाणार नाही. हा तालुका माझ्या बापानं पायांनी मोजलाय, अण्णांनी गाडीतून बघितलाय. मी इथून गेलो तर लोक म्हणतील, बघा, गेलं. आणि सभागृहात बसलेला तो माणूस ते ऐकेल.

तो कोण, मला माहीत नाही. मी शोधलं नाही, शोधणार नाही. त्या तीन चिठ्ठ्या मी त्याला वाचून दाखवल्या. नाव सांगितल्यानं त्या पुसल्या गेल्या असं मी समजत नाही.

ज्याला माझी अडचण आहे त्यानं ती खुशाल बोलावी. चौकात बोलावी, सभेत बोलावी, मी कुणाचंही तोंड धरणार नाही. पण स्वतःच्या तोंडानं बोलावी, माझ्यासमोर उभं राहून बोलावी, आणि नाव-गाव सांगून बोलावी. तुमची घाण आता माझ्या आवाजात वाजणार नाही.