खताच्या शेडची चावी

आमच्या समाजसेवेच्या धंद्यात यश मोजायची एक विचित्र रीत आहे. संस्था निघून गेल्यावरही काम चालू राहिलं, तर ते शाश्वत. म्हणजे आपण चांगलं काम केल्याचा पुरावा काय, तर आपण तिथे नसणं. हे मी इतक्या सभांमधून टाळ्या घेत सांगितलंय, की शेवटी माझाच त्यावर विश्वास बसला. घोळ तिथेच झाला.

शांती नगरमधल्या एका सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात आमची खताची शेड होती. आजूबाजूच्या इमारतींचा ओला कचरा तिथे यायचा आणि चौघी बायका त्याचं खत करायच्या. त्यांच्यातल्या थोरल्या ताई रत्नागिरीकडच्या. नवऱ्याचं स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यातलं काम सुटल्यापासून घर त्यांच्याच जिवावर. शेड आहे तोवर काम, नाहीतर लोकांची धुणीभांडी. त्यांनी मला बजावलंही होतं, "सर, तुम्ही जाल तेव्हा जा, पण चावी आमच्याकडे ठेवून जा. सेक्रेटरीभाई गोड बोलतात, पण डोळा जागेवर आहे त्यांचा."

मी हसलो. "अहो ताई, समाजावर विश्वास ठेवायला शिका जरा."

समाजाचा कचरा रोज हाताने निवडणाऱ्या बाईला मी हे सांगत होतो!

निधीची मुदत संपत आली तसा हस्तांतरणाचा कार्यक्रम ठरला. देणगीदार कंपनीच्या मॅडमना फोटो हवा होता, म्हणून पुठ्ठ्याची हातभर लांब सोनेरी चावी करून घेतली. ती घ्यायला 'समाजाचा प्रतिनिधी' पाहिजे, तर सेक्रेटरीभाई सफारी घालून स्टेजच्या पायरीशी तयारच. ताई आणि बाकीच्या मागे चहा ओतत होत्या. ते काम मीच त्यांना लावलं होतं. पुठ्ठ्याच्या चावीवर टाळ्या पडल्या, मला चेव आला आणि मी खिशातली कुलपाची खरी चावीही काढून भाईंच्या तळहातावर ठेवली. वर माईकवर म्हणालो, "आजपासून इथले निर्णय तुमचे. आम्ही लुडबुड करणार नाही."

भाषण फारच चांगलं झालं. माझी चांगली भाषणं नेहमी कुणाच्या तरी मुळावर येतात.

थोड्याच दिवसांत शेडमध्ये स्कूटर लागल्या आणि बायकांना वॉचमनने गेटवरूनच परत पाठवलं. मी तावातावाने सोसायटीच्या ऑफिसात गेलो. भाईंनी प्रेमाने बसवलं, कोल्ड्रिंक मागवलं.

"भाई, हे काय? बायकांचं काम गेलं ना!"

"सर, मीटिंग में पास हुआ. वास येतो म्हणतात लोक. ए विंगवाले तो बहुत चिल्लाते हैं."

"म्हणून असं परस्पर बंद करायचं?"

"आप ही तो बोले थे, डिसीजन आपका. व्हिडिओ है मेरे पास. दिखाऊं?"

खरंच दाखवला. मोबाईलमधला तो माणूस इतका ठाम बोलत होता, की क्षणभर मलाच पटला. मी कोल्ड्रिंक संपवून उठलो. रागात अर्धं टाकून आलो असं सांगायला आवडलं असतं.

ताई पुढे पूनम सागर वसाहतीच्या बाजूला रस्त्यात भेटल्या. भांड्यांची कामं धरली होती. मी सुरू केलं, "ताई, मी कमिटीशी बोलतोय, काहीतरी मार्ग..."

"नको सर. तुम्ही बोललात की आमचं काय ना काय जातंच."

हसत म्हणाल्या. चिडल्या असत्या तर मला माफी तरी मागता आली असती.

"बाकीच्या कशा आहेत?"

"घोडबंदरला जातात, लग्नाच्या हॉलवर. तुमची आठवण काढतात."

"काय म्हणतात?"

"रस्त्यात सांगण्यासारखं नाय ते."

अलीकडे एका परिषदेत मला त्याच शेडवर बोलायला बोलावलं. कागदोपत्री आमचं हस्तांतरण यशस्वी आहे ना! संयोजक म्हणाले, एखादी लाभार्थी महिला सोबत आणा, बरं दिसतं. मी ताईंना फोन केला. हो, केला.

"येते की सर," त्या म्हणाल्या. "पण माझा खाडा पडेल, कामावरच्या मॅडम दुसरी बाई ठेवतील. माझ्या जागी भांडी घासायला तुम्ही कुणाला धाडताय?"

"बघतो," मी म्हणालो.

परिषदेला एकटाच गेलो. शेड आजही स्थानिक लोकांच्याच ताब्यात आहे, असं सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि टाळ्याही बऱ्यापैकी पडल्या.