टिकली पाप नाही

हे शीर्षक माझंच, माझ्या पत्रकाचं. नवघरला एका दुकानावरच्या हॉलमध्ये आमची मराठी ख्रिस्ती उपासना भरते, तिथे ते पत्रक मी सगळ्यांना वाटलं होतं. तेव्हा तिथे एकही बाई टिकली लावून येत नसे. नियम कुठे लिहिलेला नाही, पण लावून आलीस की नजरा. मला चीड आली. मोर्च्यांची पत्रकं लिहून हात तयार झालेलाच. कपाळ माझं आहे, आणि देव ते ठिपक्यावरून जोखत नाही, असं ठणकावलं. पाळक म्हणाले, "चूक काहीच नाही यात." महिन्याभरात जवळपास सगळ्याच टिकली लावून यायला लागल्या. मी जिंकले.

पोळ्या लाटायची कामं करणारी एक मावशी यायची बंद झाली, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. रत्नागिरीकडची, नवरा गेल्यावर विश्वासात आलेली, म्हणजे ख्रिस्ती झालेली. मी तिच्या खोलीवर गेले.

"कागदातलं खरं हाय, बाय," ती म्हणाली. "पण ह्ये गेले तवा जावेनं माझं कुंकू पुसलान. मग बारसं असो, हळदीकुंकू असो, मला मागं बसवायचे. तुमच्यात आले तर सगळ्याच मोकळ्या कपाळाच्या. कोण सवाष्ण, कोण विधवा, कळायचंच नाय. आता परत मी एकटीच."

"मग तुम्हीपण लावा ना! कोण अडवतंय?"

"लावली हुती. दारातून मागं फिरले."

एवढी पत्रकं लिहिली बायकांवर, आणि ही बाई मला दिसली नाही. ती मोकळी कपाळं मला गुलामी वाटली. तिला आयुष्यात पहिल्यांदा तिथे कुणी मागे बसवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी टिकली न लावता गेले. जिन्यातच बायकांना म्हटलं, मावशीसाठी टिकली सोडूया.

"तूच म्हणालीस ना, पाप नाही?"

"नाहीच आहे."

"मग? आता नवीन पत्रक काढणार का? एकदाचं ठरव बाई!"

हसल्या सगळ्या. पण चौघींनी काढल्या. उपासनेनंतर त्या चौघींना घेऊन मी थेट मावशीकडे गेले. "बघा, तुमच्यासाठी काढल्या!"

ती एकेकीच्या कपाळाकडे बघत राहिली.

"ह्यांचे नवरे हायत ना गो?"

"आहेत की."

"जित्या नवऱ्यांच्या बायांनी माझ्यापायी कपाळ पुसलं?" तिचा आवाज चिरकला. "ह्ये माझ्यावर कशाला घातलंत?"

मी समजवायला लागले. देव असं बघत नाही, अपशकुन वगैरे काही नसतं. पुन्हा पत्रकातलीच भाषा. एकीने माझा दंड दाबला, तेव्हा गप्प बसले.

मावशीने फळीवरचा आरसा काढून चौघींपुढे धरला. "आधी लावा. मग च्या ठेवते."

पर्समधल्या टिकल्या निघाल्या. चौथीची लावून होईपर्यंत ती तो आरसा दोन्ही हातांनी धरून उभी होती. त्याची पाठ तिच्याकडे.

चहा प्यायलो. रविवारी या, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ती आलीही नाही.