जपून हं!

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेत. कुणीही बाहेर निघालं की ते दारातूनच म्हणतात, “जपून हं!” स्कूटर सुरू करण्याआधी स्वतः दोन्ही ब्रेक दाबून बघतात. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना भित्रेच समजत.

एका सकाळी आमच्या गॅसच्या नळीने पेट घेतला. आई किंचाळली आणि आम्ही सगळे जिन्याकडे धावलो. काका मात्र वर आले. त्यांनी पलंगावरची चादर बादलीत भिजवून अंगाभोवती गुंडाळली, भिंतीच्या कडेने स्वयंपाकघरात शिरले आणि रेग्युलेटर बंद केला.

आईने त्यांना पाणी दिलं.

“काका, भीती नाही वाटली?” मी विचारलं.

“वाटली ना. म्हणून तर चादर भिजवली.”