लेकीच्या नावावर नऊ नोंदी

उद्या दुपारी बारा वाजता माझी लेक नापास होणार आहे, आणि ती आत शांत झोपली आहे. माझा डोळा लागत नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हे लिहायला बसले. अभ्यास न करता नापास होत असती तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण जिनं सगळं काम केलं तीच नापास होणार, आणि ते तिला चालणार आहे, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

ती संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. या वर्षी चौघांनी मिळून एक प्रोजेक्ट करायचा असतो. यांनी दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर करायला घेतलं. पेशंटनं घरूनच नंबर लावायचा आणि आपली पाळी कधी येईल ते त्याला फोनवर कळायचं. चौघांतले दोघे पहिल्या महिन्यातच दिसेनासे झाले. उरले ही आणि लंबू. लंबू हा तिच्या वर्गातला मुलगा, आमच्या दारातून वाकून आत येतो म्हणून तिच्या बाबांनी हे नाव ठेवलं. पोरगा वाईट नाही. ‘काकू, काकू’ करतो, जेवल्यावर ताट उचलतो. फक्त काम करत नाही.

महिनाभरात हिचा लॅपटॉप बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, नवीनच घ्या. तेवढ्यात लंबूनं स्वतःचा जुना लॅपटॉप आणून दिला. मी त्याचे किती आभार मानले होते, आठवलं की स्वतःचाच राग येतो.

घोळ कुठे झाला ते मला समजायलाच तीन दिवस लागले. ही मुलं आपापला कोड लिहून एका सामाईक ठिकाणी जमा करतात. दर वेळी तिथे आपोआप नोंद होते, कोणी, कधी आणि काय बदललं याची. त्यातलं ‘कोणी’ हे लॅपटॉपमध्ये भरलेल्या नावावरून ठरतं. आणि लॅपटॉपमध्ये नाव होतं लंबूचं.

“तुला हे माहीत होतं?” मी विचारलं.

“हो.”

“मग बदललं का नाहीस?”

“दोन मिनिटांचं तर काम होतं गं. म्हणून राहून गेलं.”

मी कपाळाला हात लावला. मी सव्वीस वर्षं विमा कचेरीत काढली. तिथे सही नसलेला कागद टेबलावरून हलत नाही. आणि माझ्याच पोटची पोर चार महिने रोज दुसऱ्याच्या नावानं काम जमा करत होती, कारण नाव बदलायला दोनच मिनिटं लागतात.

आता हिशेब असा. लंबूच्या नावावर तीनशे बारा नोंदी. हिच्या नावावर नऊ, त्याही लॅपटॉप बिघडण्याआधीच्या. गायब झालेले ते दोघे शेवटच्या आठवड्यात उगवले आणि एकेक स्वल्पविराम दुरुस्त करून त्यांनी पंचेचाळीस-पंचेचाळीस नोंदी जमवल्या. यंदा सरांनी नियम केला आहे की मार्क नोंदींप्रमाणे मिळतील. एकूण नोंदींच्या दहा टक्क्यांच्या आत असेल तो नापास, त्यानं अख्खं वर्ष पुन्हा करायचं. स्वल्पविरामवाले पास, ही नापास.

तोंडी परीक्षेत तरी सगळं उघड व्हायला हवं होतं. सरांनी लंबूला विचारलं, दोन पेशंटनी एकाच क्षणी एकच नंबर मागितला तर तो कोणाला मिळतो? लंबू छताकडे बघायला लागला. तर हिनं शेजारून हळूच उत्तर सांगितलं. सर म्हणाले, “तुम्हाला विचारलेलं नाही. तुमच्या नऊ नोंदी आहेत.”

“अगं, तेव्हा तरी सांगायचंस,” मी तिला म्हटलं.

“सगळ्यांसमोर? त्याला किती वाईट वाटलं असतं.”

तिचे बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, “हिच्या पायावर कोणी उभं राहिलं ना, तर ही विचारेल, जागा पुरतेय का तुम्हाला?”

“बाबा, तुम्ही गप्प बसा.”

“मी गप्पच आहे. घरात तुझी आई बोलते.”

चूक सुधारून घ्यायला एक अर्ज असतो. त्यावर दोघांच्या सह्या लागतात, काम ज्याचं त्याची आणि नोंद ज्याच्या नावावर पडली त्याची. मुदत उद्या, शुक्रवारी बारापर्यंत. हिनं अर्ज भरून ठेवला आहे, आपली सही केली आहे. लंबूची नाही. कारण लंबूनं त्याच तीनशे बारा नोंदी नोकरीच्या मुलाखतीत दाखवल्या. त्याला पत्र यायचं आहे सोमवारी. “पत्र येऊ दे, मग लगेच सही करतो,” असं तो म्हणाला, आणि ही त्याला ‘ठीक आहे’ म्हणून आली. मुदत शुक्रवारची, सही सोमवारची, आणि ठीक आहे! हिला गणितात पैकीच्या पैकी मार्क असायचे.

संध्याकाळी मी म्हटलं, “मी बोलू का सरांशी?”

“आई, मी बावीस वर्षांची आहे. सातवीत तू शाळेत येऊन बाईंशी भांडलीस, त्यानंतर वर्षभर मला सगळे काय म्हणायचे माहितीये? तू कोणालाही फोन करायचा नाहीस.”

“आणि तू?”

“त्याची नोकरी जाईल गं. त्याच्या घरी तो एकटाच कमावणार आहे.”

“आणि तुझं वर्ष?”

“पुन्हा करेन. मला येतंय सगळं.”

येतंय सगळं, म्हणून पुन्हा करणार. मी ‘बरं’ म्हटलं आणि ओटा पुसायला लागले.

आता शांतपणे विचार केल्यावर एक कळतं. सरांना फोन करून उपयोग नाही. आईच्या बोलण्यावर कोणी नोंदी बदलत नाही, आणि बदलूही नये. सही लंबूची हवी, तर बोलायचं लंबूशीच. ओरडणार नाही मी त्याला. बाराच्या आत सही कर आणि नोकरीवाल्यांना स्वतःहून खरं सांग, असं सांगेन. कदाचित पत्र येणार नाही. त्याचं मला वाईट वाटेल, खरंच वाटेल. पण त्याच्या नोकरीसाठी माझ्या पोरीचं वर्ष द्यायचं, हे त्या दोघांनी परस्पर ठरवलं तरी मला मान्य नाही.

लेक महिनाभर माझ्याशी बोलणार नाही. महिनाभर न बोलता पास होऊ दे.

लंबू दहाच्या आत उठत नाही, हे मला माहीत आहे. मी सातला फोन लावणार आहे, आणि तो उचलेपर्यंत लावत राहणार आहे.