मामाजींनी लावलेलं तेल

हेमराजला हे ठाऊक नाही. कामठ्याला माझी आई आहे, तिच्यापाशी मी पोटातलं सगळं बोलते — तिलाही नाही. आज तुमच्यापाशी का बोलते आहे, ते मलाच नीट सांगता येणार नाही. थंडी पडली, घोडीचे केस कापायची मशीन हातात घेतली, की दरवर्षी हे घशाशी येतं. दरवर्षी गिळते. यंदा गिळवलं नाही.

आमचं घर मुर्रीत. लग्नाच्या वरातीला घोडी द्यायचा धंदा सासऱ्यांचा. आता तो माझा नवरा, हेमराज पाहतो. पुढच्या खोलीत माझं लहानसं ब्यूटी पार्लर. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. घोडीचं नाव शेवंती — पांढरी, गुलाबी नाकाची. मामाजींनी ती शिंगरू असताना आणलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात पहिला जीव मला तिनंच लावला. जवळून गेले की माझ्या पदराला नाक पुसायची. साड्या खराब व्हायच्या, पण मी मुद्दाम जवळून जायची.

मामाजींना दिवस कलला की अंधुक दिसायचं. मोतीबिंदू होता. पण शेवंतीचं अंग चोळायला त्यांना डोळे कुठं लागत होते? तळहातावर करंजीच्या बियांचं तेल घ्यायचे, मानेपासून सुरुवात करायचे, आणि ती वरचा ओठ लांब करून, डोळे अर्धे मिटून उभी राहायची. तेवढा वेळ त्या दोघांना तिसरं कोणी लागायचं नाही.

हिवाळ्यात तिचे केस दाट व्हायचे. वरातीत अंगावर जरीची जड झूल. घोडी घामानं निथळायची, आणि घरी येता येता तोच घाम अंगावर गार व्हायचा. एकदा ती थरथरत आली. तेव्हा मीच म्हटलं, हिच्या अंगाचे केस कापून टाकू. मोबाईलवर पाहिलं होतं. आणि केस कापणं तर माझंच काम — नाही का?

"थंडीत उघडी पडन वं ते," मामाजी म्हणाले.

घरी चादर घालून ठेवू, असं मी सांगितलं. त्यांनी ऐकलं. माझं ते नेहमी ऐकायचे.

केस चांगले कापले गेले, ते खोटं नाही. मशीनचं पातं मात्र तापत गेलं आणि कातडी जागोजागी लाल झाली, तिकडे मी लक्ष दिलं नाही. माझं लक्ष डागांवर होतं. शेणामुतात बसून पडलेले पिवळे डाग केस कापल्यावर अजूनच दिसू लागले. साबणानं जाईनात. दुसऱ्या दिवशी गोंदियात मोठ्या घरची वरात होती. मला वाटलं — काय वाटलं असेल मला? की लोकांनी विचारावं, ही इतकी पांढरी कोणी केली?

पार्लरमधली ब्लीचची पावडर मी शाम्पूत कालवली. घरात कोणी नव्हतं. त्या लाल कातडीवर मी ती फासली. शेवंती पाय आपटू लागली, तेव्हा मी तिलाच दटावलं. तेवढ्यात पार्लरच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. मी घाईघाईनं पाणी ओतलं, टॉवेल फिरवला आणि पावडरचा डबा जागेवर ठेवून दिला.

संध्याकाळी मामाजींनी नेहमीसारखं तेल लावलं.

सकाळी शेवंती कडुनिंबाच्या बुंध्याला अंग घासून राहिली होती. घासायची, थांबायची, स्वतःच्याच कुशीला दात लावायची, पुन्हा घासायची. पाठीवर आणि कुशीवर चट्टे उठले होते, काही ठिकाणी रक्त. वरातीला दुसऱ्याची घोडी गेली. हेमराजनं जनावरांचे डॉक्टर बोलावले. अंगाला काय लावलं होतं, असं त्यांनी विचारलं. मामाजींनी करंजीच्या तेलाची बाटली पुढं केली. डॉक्टरांनी वास घेतला. हे तेल तर चांगलं आहे, म्हणाले, यानं अशी कातडी भाजत नाही. आणखी काही लावलं का?

तेव्हा बोलायचं होतं. डबा आत होता, चार पावलांवर. पण कोनाड्यात तेलाच्या जागेशेजारी फिनाईलची बाटली होती. तेवढीच, तशीच. माझी नजर तिच्यावर गेली.

"मामाजीले संध्याकाळी दिसत नाही," मी म्हटलं. "बाटली बदलली असन."

मला कोणी विचारलंही नव्हतं.

मामाजींनी दोन्ही बाटल्या हातात घेतल्या. एकीचा वास घेतला, मग दुसरीचा. फिनाईलचा वास कोणाला कळत नाही? मला वाटलं, आता म्हणतील, मी काय येडा आहे? ते माझ्या दिशेनं पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "असन. मले माह्याच भरोसा नाही राहिला आता."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या नाकावर ठेवला नाही.

शेवंतीला मी बरी केली, हेही सांगायला हवं — बढाई म्हणून नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ऊन चढल्यावर कोमट पाण्यानं तिचं अंग धुवायची, कोरडं करायची, मलम लावायची. घोंगडी टोचायची म्हणून आधी माझी जुनी सुती साडी घालायची, तिच्यावर घोंगडी. साडी रोज धुवायची आणि साबणाचा अंश राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा पिळायची. खाज सुटली की ती मान वळवून माझ्याकडे पाहायची. मी मऊ कपड्यानं अलगद दाबायची, मग ती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवायची. माझ्याच खांद्यावर.

मामाजींची खाट शेवंतीच्या कोठ्याशेजारी होती. ती तिकडे मान लांब करायची, ओठ हलवायची. ते शालीतून हात काढायचे नाहीत. हेमराजनं सांगून टाकलं होतं, "बाबा, घोडीले आता हात नोका लावू." तो वाईट बोलला नाही, काळजीनं बोलला. मग काळजीनंच चूल पेटवायचं त्यांचं कामही काढून घेतलं. माझी मुलगी तेव्हा तान्ही होती. तिला त्यांच्या मांडीवर देताना कोणी ना कोणी जवळ बसू लागलं. कधीकधी मीच बसायची.

पुढं मामाजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्यांना चांगलं दिसू लागलं. छतावरची कोळिष्टकं ते मला दाखवायचे. मला वाटलं, आता सगळं जाग्यावर येईल. पण औषधाची बाटली हातात आली की ते थांबायचे आणि मला हाक मारायचे. "पोरी, पाहून दे वं. बराबर आहे का?" मी पाहून द्यायची. बाटली नेहमी बरोबरच असायची.

ऑपरेशननंतरच्या हिवाळ्यात मी पुन्हा शेवंतीचे केस कापले. आधी उन्हात न्हाऊ घातली, पुरती वाळू दिली. पातं मधे मधे मनगटाला लावून पाहिलं, तापलं की थांबले. अंगावर एक ओरखडा नाही. मामाजी खाटेवर बसून पाहत होते. मी म्हटलं, या, हात लावून पाहा. ते आले. दोन बोटं तिच्या मानेवर ठेवली, आणि ती तशीच ओठ लांब करून उभी राहिली. त्यांनी बोटं काढून घेतली.

"तुह्या हाताले गुण आहे," ते म्हणाले. "माह्याच्यानं तर मरूनच जाती ते."

घरात आम्ही दोघंच होतो. कोणी ऐकणारं नव्हतं, कोणी रागावणारं नव्हतं. मी मशीनची वायर गुंडाळली.

मामाजी गेल्या उन्हाळ्यात गेले. शेवटपर्यंत औषध माझ्याच हातून घेतलं.

परवा हेमराज मुलीला शेवंतीजवळ घेऊन उभा होता. तिनं विचारलं, आजोबा घोडीला तेल का नव्हते लावत? त्यानं तिला फिनाईलची गोष्ट सांगितली — प्रेमानं, हसत, जशी घरात म्हाताऱ्यांची गोष्ट सांगतात तशी. मुलगीही हसली. मी पलीकडे उभी राहून शेवंतीच्या पोटाखालून चादरीचा बंद ओढत होते. तो बांधला आणि आत आले.